क्रोशेवालीनं दोन सुया हातात घेताना

प्रश्न विचारणाऱ्या ताई गेली पंधरा-सोळा वर्षं क्रोशे करतात. तोरणं, रुखवतातले रुमाल, बाळांची पांघरुणं, सगळं हातचं आहे. दोन सुयांवरचं विणकाम मात्र त्यांनी दोनदा हातात घेऊन सोडलं. वीण इतकी घट्ट होते की सुई पुढे सरकत नाही, आणि विणलेले टाके तिरपे दिसतात. मुलगी जर्मनीत असते, ऐन थंडीत तिला बाळ होणार आहे आणि ताईंना स्वतः विणलेलं टोपडं घेऊन जायचंय. तिकडची शेजारीण धागा डाव्या बोटावर ठेवून विणते, आपल्याकडे आई-मावशा उजव्या हातानं धागा सुईवर टाकायच्या. यातलं कोणतं शिकू, की पन्नाशीनंतर हा उद्योग नकोच, असं त्या विचारतात.

उद्योग जरूर करा, आणि शेजारणीसारखा करा. धागा डाव्या बोटावर.

तुम्हाला दोनदा सोडावं लागलं त्याचं कारण मला तुमच्या वर्णनातच दिसतं. तुम्हाला कुणीतरी अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाला शिकवतात तसं शिकवलं असणार. धागा उजव्या हातात दिला, सुई काखेत धरायला सांगितली. ज्या डाव्या हातानं इतकी वर्षं धाग्याचा ताण सांभाळला, त्याला नुसती सुई धरून बसवलं आणि उजव्या हाताला नवखं काम दिलं. आपल्या आज्यांची ती पद्धत वाईट मुळीच नाही. लांब सुई काखेत अडकवून, उजव्या तर्जनीनं धागा टाकत त्या गप्पा मारता मारता अख्खा स्वेटर उतरवायच्या. पण त्यातल्या बहुतेकींनी लहानपणी आधी सुया धरल्या होत्या. तुमचा प्रवास उलटा आहे, म्हणून रस्ताही वेगळा हवा.

क्रोशात धागा करंगळीला वेढा देऊन, मधल्या बोटांखालून तर्जनीवर येतो ना? तसाच ठेवा. बदल फक्त तर्जनीत करायचाय. क्रोशे करताना आपण ती चांगली उंच ताठ ठेवतो, कारण हुकाला धागा पकडायला मोकळी जागा लागते. दोन सुयांवर तीच तर्जनी खाली, डाव्या सुईच्या टोकाजवळ आणा. बोटाचं टोक आणि सुईचं टोक यांत दोनेक सेंटीमीटरच अंतर ठेवा. बोट उंच राहिलं की प्रत्येक टाक्याला उजवी सुई धागा शोधत फिरते आणि मनगट दुखायला लागतं. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट सुई धरतील, शिवाय पुढचा टाका टोकाकडे ढकलत राहतील. क्रोशात विणलेला भाग चिमटीत धरायची सवय असते. इथे तो धरायचा नाही, सुईखाली लोंबू द्यायचा.

सुलट टाका तुम्हाला पहिल्या तासाभरात येईल. धागा कामाच्या मागे, उजवी सुई टाक्यात पुढून मागे, टोकानं धागा उचलायचा आणि टाक्यातून पुढे काढायचा. हूक जे करतो तेच, फक्त टोकाला खाच नाही. म्हणून धागा काढताना सुई थोडी तिरकी ठेवून तो टोकावरून घसरणार नाही एवढं बघायचं. मग जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. हे सोडून देणं क्रोशेवालीला जड जातं, कारण क्रोशात कधी काही सोडून द्यावंच लागत नाही.

आता घट्टपणाबद्दल. याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही क्रोशातूनच आलेली आहेत.

क्रोशात फासा हुकाच्या मानेवर तयार होतो, आणि टाका झाला की आपण धाग्याला बारीकसा हिसका देऊन तो नीट बसवतो. हा हिसका आपल्याला जाणवतही नाही, तो हाडीमाशी गेलेला असतो. दोन सुयांवर तो दिला की टाका सुईला करकचून आवळतो आणि पुढच्या ओळीत त्यात टोक शिरतच नाही. दुसरं कारण सुईच्या आकारात आहे. सुईचं टोक निमुळतं असतं, मापाची जाडी मागच्या दांडीला असते. तुमची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आहे, पण ती दांडीवर. टोकाच्या जवळ ती जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असेल. टाके टोकावरच विणून टोकावरच ठेवले तर तुम्ही नकळत फार बारीक सुईवर विणत असता. प्रत्येक नवा टाका उजव्या सुईच्या पूर्ण जाडीवर सरकवा, मग पुढच्याकडे वळा. टाक्याचं माप सुई ठरवते, धागा ओढून ते ठरत नाही. एवढी एकच गोष्ट आठवडाभर ध्यानात ठेवलीत तरी निम्मा त्रास जाईल.

तिरप्या टाक्यांचं कारण वेगळं आहे आणि ते नीट समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण शिकवणाऱ्या बायका बहुधा हे सांगत नाहीत. त्यांना ते कधी अडलेलंच नसतं.

सुईवरचा एक टाका जवळून बघा. तो सुईवर खोगिरासारखा बसलेला असतो, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. नेहमीच्या विणीत उजवा पाय पुढे असतो आणि सुलट विणताना आपण त्या पुढच्या पायातून सुई घालतो. टाका उघडतो, त्यातून नवा फासा येतो, खाली छान इंग्रजी व्ही दिसतो. आता उलट टाका घ्या. धागा पुढे असतो, सुई उजवीकडून डावीकडे जाते. क्रोशेवालीचा हात इथे सवयीनं धागा खालून ओढून घेतो, कारण हुकाला तसंच सोपं पडतं. नियमाप्रमाणे धागा सुईच्या वरून खाली यायला हवा होता. टाका तयार होतो, दिसतोही ठीक, पण सुईवर तो उलटा बसतो: उजवा पाय मागे गेलेला. पुढच्या सुलट ओळीत तुम्ही पाठ केल्याप्रमाणे पुढच्या पायात सुई घातली की टाक्याला पीळ पडतो, व्हीचे दोन्ही पाय बुडाशी एकमेकांना ओलांडतात, वीण आखडते. अशा एकाआड एक ओळी आल्या की सगळं विणकाम एका बाजूला झुकल्यासारखं दिसतं.

यावर उपाय दोन आहेत. सरळ उपाय असा की उलट टाका घेताना तर्जनी किंचित खाली झुकवून धागा सुईच्या टोकावर वरून टाकायचा, मग सुई मागे ढकलून फासा बाहेर काढायचा. सुरुवातीला हे अवघड वाटतं. धागा निसटू नये म्हणून उजव्या अंगठ्यानं क्षणभर दाबून धरला तरी चालतं. दुसरा उपाय असा की उलट टाका तुमच्या हाताला येतो तसाच, खालून ओढून घ्यायचा, आणि पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या पायातून घालायची. जो पाय सुईच्या टोकाच्या जवळ आहे तो आधी, हा नियम धरला की टाका कसाही बसलेला असो, पीळ पडत नाही. रशियापासून पश्चिम आशियापर्यंत अनेक ठिकाणी बायका अशा खालून घेतलेल्या उलट टाक्यानं सर्रास विणतात, त्यात कमीपणा काही नाही. उलट एक फायदाच आहे. धागा डाव्या बोटावर ठेवून विणणाऱ्यांच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल पडतात आणि कापडावर बारीक पट्टे उमटतात. खालून घेतलेल्या टाक्याला धागा कमी लागतो, त्यामुळे हा फरक बराच मिटतो.

तरी माझं मत विचाराल तर पहिला उपाय शिका. टोपड्याच्या वरच्या घटी, म्हणजे टाके कमी करत जाणं, पुढे जाळीची वीण, अशा सगळ्याचा नमुना लिहिणारा माणूस उजवा पाय पुढे धरूनच लिहितो. दुसऱ्या पद्धतीनं विणलंत तर प्रत्येक घट मनातल्या मनात उलटी करून घ्यावी लागते. नव्यानं शिकताना हे ओझं नको.

कोणत्याही ओळीच्या मध्ये शंका आली तर थांबून डाव्या सुईकडे बघा आणि उजवे पाय पुढे आहेत ना हे तपासा. क्रोशात तुम्ही खांब आणि मुके खांब हे टाके न मोजता नुसते नजरेनं ओळखता. इथे दोनच आकार ओळखायचे आहेत. सुईच्या खाली व्ही दिसला तर तो तुमच्या बाजूनं सुलट, आणि सुईच्या गळ्याशी आडवा मणी दिसला तर उलट. दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर विणताना आकडे घोकत बसू नका. व्हीवर सुलट, मण्यावर उलट. ज्या दिवशी हे नजरेनं व्हायला लागेल त्या दिवसापासून तुम्ही टीव्हीसमोर बसून विणाल.

आता भीतीचा भाग. क्रोशात एका वेळी एकच फासा जिवंत असतो. हूक काढून ठेवला तर फार तर तेवढा एक उसवतो. दोन सुयांवर पूर्ण ओळ जिवंत असते, सत्तर टाके असतील तर सत्तरही. त्यामुळे एक टाका गळला की क्रोशेवाली घाबरून सगळंच उसवते. याची गरज नसते. गळलेला टाका खाली खाली उतरत जातो आणि त्याच्या जागी आडव्या धाग्यांची शिडी दिसते. तुमच्या डब्यातला साडेतीन-चार मिलिमीटरचा हूक घ्या. तळाच्या फाशात पुढून घाला, शिडीचा सर्वांत खालचा धागा पकडून फाशातून ओढा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. वर पोचलात की फासा डाव्या सुईवर उजवा पाय पुढे ठेवून बसवा. ही तर नुसती साखळी झाली, तुम्ही डोळे मिटून कराल. उलट टाक्यांचा भाग असेल तर काम फिरवून मागच्या बाजूनं हेच करायचं. हुकाची सवय नसलेल्या बायकांना या दुरुस्तीला वेळ लागतो. तुम्हाला दोन मिनिटं पुरतील.

आणि तरी धाकधूक वाटत असेल तर दर दहाबारा ओळींनंतर बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा. खाली काहीही बिघडलं तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. ओळ अर्धी ठेवून उठलात आणि परत आल्यावर दिशा कळेना, तर गुंड्याचा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात.

टाके घालायलाही तुमचा हूक चालतो. सुई डाव्या हातात आडवी धरा, धागा सुईच्या मागे. हुकावर सरकफासा, हूक सुईच्या पुढे. आता हुकानं सुईच्या वरून धागा पकडा आणि फाशातून ओढा, सुईवर एक टाका बसला. धागा पुन्हा सुईखालून मागे न्या आणि हेच करत राहा. शेवटचा फासा हुकावरून सुईवर. म्हणजे सुईभोवती साखळी विणली एवढंच. या कडेचं रूप शेवटी टाके बंद केल्यावर दिसणाऱ्या कडेसारखंच असतं, त्यामुळे पांघरुणाच्या किंवा पट्टीच्या दोन्ही बाजू जुळतात. टोपड्याला मात्र ही कड वापरू नका, ती फारशी ताणली जात नाही. टोपड्याला धाग्याची लांब मोकळी शेपटी ठेवून अंगठ्यावरून घालतात तीच पद्धत हवी. शेपटी दर टाक्याला दीड ते दोन सेंटीमीटर धरा, चौऱ्याहत्तर टाक्यांना साधारण ११० ते १५० सेंटीमीटर झाली. आणि टाके जाड सुईवर घालून मग बारीकवर विणायला घ्या, म्हणजे कपाळावर वळ उठणार नाही.

सुया आणि लोकर. आपल्या दुकानांत अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. जर्मनीत सुईवर सरळ मिलिमीटर छापलेले असतात, तेव्हा तिथून काही मागवाल तर नंबर सांगू नका. नीलगिरीतल्या केट्टीला बनणाऱ्या पोनीच्या ॲल्युमिनियमच्या सुया गावोगाव मिळतात आणि घट्ट हाताच्या बाईला त्याच बऱ्या, टाके सरसर सरकतात. बांबूच्या सुया धागा धरून ठेवतात, म्हणून नवख्यांना त्या सुचवतात, पण तुमचा हात घट्ट आहे. तुम्हाला तो सल्ला लागू नाही. परवडत असेल तर मधे वायर असलेली ८० सेंटीमीटरची गोल सुई घ्या आणि तिच्यावरच पुढे-मागे सरळ ओळी विणा. कामाचं वजन मांडीवर राहतं, खांद्यांना आराम पडतो आणि एक सुई सोफ्याखाली गेली हा प्रकार होत नाही.

क्रोशाचा उरलेला सुती दोरा सरावाला घेऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो, कपाट भरलेलं असतं ना. सुताला लवचीकपणा नाही, तुमच्या घट्ट हाताचा सगळा दोष त्यात दुप्पट दिसेल. गुळगुळीत, फिक्या एकाच रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळी नको, केसाळ नको, रंग बदलत जाणारी नको. सराव ॲक्रिलिकवर केलात तरी चालेल. लेबलवरच्या ४ प्लायवर फार विसंबू नका, त्यावरून धाग्यात पेड किती ते कळतं, जाडी कळत नाही. लेबलवरचा दहा बाय दहा सेंटीमीटरचा चौकोन आणि त्यातले टाके-ओळींचे आकडे बघा. आणि कुणी धनगरी लोकर सुचवली तर ती घोंगडीसाठी उत्तम, तान्ह्याच्या कपाळाला नाही.

सरावाला मफलर विणू नका. सगळे तोच सुचवतात आणि सगळ्यांचे मफलर वीतभर होऊन कपाटात पडलेले असतात. वीस टाक्यांचा चौकोन घ्या आणि दोन्ही बाजूंनी सुलटच विणत जा. या विणीत दोन ओळींची एक लाट होते आणि लाटेची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. म्हणजे वीस टाके आणि वीस लाटा झाल्या की चौकोन तयार. तुमचा उभा आयत झाला तर एकतर मोजण्यात चूक आहे, नाहीतर हात अजून ओढतोय. असे दोन-तीन झाले की मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट.

हा तुकडा सुईवरून उतरवलात की तो गुंडाळला जाईल. बाजूच्या कडा मागे वळतील, वरखालच्या पुढे. तुमचं काही चुकलेलं नाही. घरातला जुना टी-शर्ट आणा आणि शक्यतो भिंगातून बघा: दर्शनी बाजूला बारीक व्हींच्या रांगा, आतून आडवे मणी. तीच वीण, फक्त यंत्रावरची. त्याला कात्री लावा, कापलेली कड लगेच वळते. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ साली मोजे विणायचं यंत्र काढलं, तेव्हापासून ही वीण यंत्राच्या हातात आहे. क्रोशे मात्र आजही हातानंच होतं. बाजारात क्रोशाच्या नावानं स्वस्तात काही मिळालं तर एकतर ते क्रोशे नसतं, नाहीतर कुणाच्या तरी हातांना फार कमी पैसे मिळालेले असतात. हे जरा विषयांतर झालं, पण तुमच्या आधीच्या वर्षांची किंमत तुम्हाला कळावी म्हणून सांगितलं.

तर कडा वळू नयेत म्हणून चारी बाजूंना सुलट-सुलट विणीची किंवा एक सुलट एक उलटची पट्टी ठेवतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवून कडा बसवायला जाऊ नका, धागा वितळल्यासारखा होऊन कायमचा लोळागोळा होतो.

यानंतर टोपडं. इथे क्रोशातली एक सवय पूर्ण बाजूला ठेवावी लागते. क्रोशाची टोपी आपण माथ्यापासून सुरू करतो, गोल वाढवत जातो, डोक्यावर ठेवून बघतो आणि पुरे वाटलं की थांबतो. दोन सुयांवर, विशेषतः खालून वर विणताना, रुंदी पहिल्या ओळीतच ठरून जाते. म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून, मधल्या भागात दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचंच. ८ नंबरच्या सुईवर मध्यम लोकरीचे साधारण २२ टाके आणि ३० ओळी येतात. नवजात बाळाचं डोकं ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतं. टोपडं थोडं ताणून बसायला हवं, म्हणून ३३ पुरे. २२ टाक्यांच्या हिशेबानं ७२ टाके झाले. तुमचे दहा सेंटीमीटरमध्ये २४ बसले तर याच ७२ टाक्यांचं टोपडं ३० सेंटीमीटरचं होईल. दोन टाक्यांत तीन सेंटीमीटर गेले. मग सुई एक नंबरनं जाड घ्या, हात सैल करायचा प्रयत्न करत बसू नका.

शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जास्तीचा घ्या, म्हणजे ७४. टाके ८ नंबरवर घाला, मग १० नंबरच्या सुईवर दोन सुलट, दोन उलट, ओळ दोन सुलटवर संपेल. परत येताना दिसेल तसं. तीन सेंटीमीटर झाल्यावर पुन्हा ८ नंबरची सुई, एक ओळ सुलट, एक उलट, बॉर्डरसकट दहा सेंटीमीटर होईपर्यंत.

मग घटी, सगळ्या सुलट ओळींत. पहिला टाका विणा. मग सात सुलट आणि दोन एकत्र, असं आठ वेळा. शेवटचा टाका विणा. ६६ उरले. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत सातऐवजी सहा, मग पाच, असं एकेक उतरत एकावर या. टाके ५८, ५०, ४२, ३४, २६ करत १८ वर येतील. मधे कुठे आकडा जुळला नाही तर तिथेच थांबा, पुढची ओळ सुरू करू नका. उलट ओळ विणून पुढच्या ओळीत सगळे दोन-दोन एकत्र, नऊ उरले. धागा वीत-दोन वीत ठेवून कापा, बोथट सुईनं नवांतून ओवून ओढा. उंची पंधरा सेंटीमीटरच्या आसपास येते, लोकर ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात भागते.

दोन टाके एकत्र विणले की घट उजवीकडे झुकते. क्रोशात घटीची दिशा फारशी दिसत नाही, इथे ठळक दिसते, आणि या टोपड्यात आठही रेषा एकाच बाजूला झुकून माथ्यावर भोवरा तयार होतो. तो हवाच आहे. पुढे स्वेटरच्या गळ्याला डावीकडे झुकणारी घटही लागेल, तेव्हा दोन टाके सुलटसारखे एकेक करून न विणता उजव्या सुईवर घ्यायचे आणि मग दोन्ही मागच्या बाजूनं एकत्र विणायचे. आत्ता ते नको.

शिवण क्रोशाच्या मुक्या खांबांनी घालायचा मोह आवरा. तशी शिवण आत जाड दोरीसारखी उभी राहते आणि बाळ त्यावरच डोकं टेकतं. दर्शनी बाजू वर ठेवून, दोन्ही कडांच्या एकेका टाक्याच्या आतले आडवे धागे आळीपाळीनं बोथट सुईनं उचलत जा आणि दर चार-पाच धाग्यांनी हलकेच ओढा. शिवण दिसेनाशी होते आणि कडेचे ते दोन जास्तीचे टाके आत जातात. तुमचा क्रोशे स्वेटरच्या बटणपट्टीला, गळ्याच्या काठाला वापरा, तिथे तो दोन सुयांच्या कामापेक्षा सरस दिसतो.

तान्ह्या बाळासाठी म्हणून दोन गोष्टी. जाळीची वीण कितीही आवडत असली तरी मोज्यांत आणि अंगरख्यात नको, बोटं अडकतात. आणि टोपड्याला बांधायच्या लांब नाड्या, मणी, गोंडे लावू नका. झोपवताना टोपडं काढून ठेवायला सांगा, ते बाहेर न्यायच्या वेळचं आहे.

वयाचं म्हणाल तर हाताला नवीन हालचाल बसायला पन्नाशीत थोडे दिवस जास्त लागतात, एवढाच फरक. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त विणू नका. क्रोशात सगळा भार उजव्या मनगटावर येतो, इथे तो दोन्ही हातांत वाटला जातो, त्यामुळे बऱ्याच जणींना हे सोसतं. बोटांचे सांधे आधीच सुजत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

खरं टोपडं विणायला घ्याल तेव्हा मऊ मेरिनो घ्या, आणि लेबलवर मशीनमध्ये धुता येण्याची खूण आहे का ते बघा. साधी शुद्ध लोकर गरम पाण्यात मशीनला लागली की आटून नमदा होते आणि टोपडं बाहुलीला बसेल एवढं निघतं. लेबल जपून ठेवा आणि टोपड्याबरोबरच मुलीच्या हातात द्या. तान्हं बाळ घरात असताना कपडे वेगळे काढून धुवायला तिला वेळ मिळणार नाहीये.